उतारावर मऊ पडणारा ब्रेक: रत्नागिरीतल्या एका स्कूटरचं प्रकरण

गाडी १२५ सीसीची स्कूटर. पुढे हायड्रॉलिक डिस्क, मागे केबलवरचा ड्रम, आणि दोघांना जोडणारी कंबाइन्ड ब्रेकची व्यवस्था, म्हणजे डावा लिव्हर दाबला की मागच्या ब्रेकबरोबर पुढचाही थोडा लागतो. १ एप्रिल २०१९ पासून आपल्याकडे १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कंबाइन्ड ब्रेक किंवा एबीएस (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी व्यवस्था) सक्तीचं झालं. ही गाडी त्याच्या पुढच्या वर्षी घेतलेली. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे त्याचं काम आहे.

गाडीच्या मालकीण एका पतसंस्थेची पिग्मी गोळा करतात. वहिनी सकाळी रत्नागिरीतून निघतात, शिरगावमार्गे आरे-वारे, नेवरे, भंडारपुळे करत गणपतीपुळे-मालगुंडपर्यंत जातात आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत. दुकान आलं की थांबायचं, पावती फाडायची, पुन्हा पुढे. ब्रेकला एवढं काम फार थोड्या गाड्यांत पडतं. शिवाय या रस्त्याचा बराच भाग समुद्राला लागून. वारा सुटला की खारं पाणी बारीक तुषारांसारखं अंगावर येतं, ते गाडीवरही बसतं. आमच्याकडे येणाऱ्या या पट्ट्यातल्या गाड्या नटबोल्टांवरूनच ओळखू येतात.

तक्रार त्यांच्याच शब्दांत: "मेस्त्री, सकाळी घरातून निघते तेव्हा ब्रेक एकदम चांगला. आरे-वारेच्या उतारावर लिव्हर मऊ पडतो, पार मुठीला टेकतो. खाली बाजूला घेऊन जरा वेळ उभी राहिले की आपोआप परत चांगला होतो."

याआधी दोन ठिकाणी दाखवून झालं होतं. पहिल्या ठिकाणी हवा शिरली आहे असं सांगून ब्लीडिंग केलं, म्हणजे ब्रेकच्या लाइनमधली हवा ऑइलबरोबर बाहेर काढली. काही आठवडे बरे गेले. पुन्हा तेच झालं तेव्हा दुसऱ्या ठिकाणी पॅड बदलले, मास्टर सिलिंडरचं (लिव्हरपाशी ऑइलचा दाब तयार करणाऱ्या भागाचं) किट टाकलं आणि परत ब्लीडिंग केलं. तेही टिकलं नाही. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांची अपेक्षा सरळ होती: "नीट एकदा हवा काढून द्या."

मी हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते यासाठी की डिस्क ब्रेक मऊ झाला की ब्लीडिंग करायचं, हे आपल्या हाताला इतकं सवयीचं झालंय की आधी विचारायचे प्रश्न राहून जातात. ब्लीडिंग हा काही इलाज नाही. काम झाल्यावर करायची ती शेवटची पायरी आहे. हवा आत आली असेल तर ती कुठून आली हे सापडायला हवं, आणि मुळात ती हवाच आहे ना हेही.

इथे ती हवा नव्हती, हे वहिनींच्या एका वाक्यातच होतं. "आपोआप परत चांगला होतो." लाइनमध्ये हवेचा बुडबुडा असेल तर लिव्हर सकाळीही मऊ लागतो आणि संध्याकाळीही. दोन-तीनदा पंप केला की तात्पुरता कडक होतो, सोडला की पुन्हा मऊ. हवा गाडी उभी केल्याने नाहीशी होत नाही. थंड असताना कडक, तापल्यावर मऊ, निवल्यावर परत कडक, असं होत असेल तर कॅलिपरमधलं, म्हणजे डिस्कवर पॅड दाबणाऱ्या भागातलं, ब्रेक ऑइल उकळतंय. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि लिव्हरचा सगळा जोर पिस्टनपर्यंत न पोचता ती वाफ दाबण्यातच संपतो. निवल्यावर वाफेचं पुन्हा द्रव होतं आणि गाडी तपासणाऱ्याच्या हाती चांगला ब्रेक येतो.

मग मी त्यांना विचारलं, मऊ पडायच्या आधी काही वेगळं जाणवतं का? त्या थोडं थांबून म्हणाल्या, "हो, आधी उलटंच होतं. लिव्हर कडक होतो. जरासं बोट लावलं तरी पुढचं चाक धरतं. मग एकदम जातो." आणि मागाहून स्वतःच आठवून: पेट्रोल जास्त जातंय, गाडी ढकलताना जड वाटते.

माझ्या दृष्टीने प्रकरण तिथेच निम्मं सुटलं. आधी कडक, मग मऊ, हा क्रम फार बोलका आहे. पुढचा ब्रेक सुटतच नव्हता. तो हलकासा धरून राहत होता, डिस्क रस्ताभर घासत होती, तापत होती, ऑइल फुगून पॅड आणखी दाबत होतं, आणि उताराला जास्तीचा ताण आला की उकळत होतं. आरे-वारेचा उतार म्हणजे काही आंबा घाट किंवा कुंभार्ली नव्हे. नुसत्या तेवढ्या उताराने चांगल्या स्थितीतला ब्रेक उकळणार नाही. गाडी तिथे पोचतानाच तापलेली असणार.

म्हणजे दोन वेगळे प्रश्न होते. ब्रेक सुटत का नाही? आणि ऑइल इतक्या लवकर का उकळतं?

गाडी गरमच आणा

वहिनींना सांगितलं, दुसऱ्या दिवशी मालगुंडहून परतताना घरी न जाता थेट गॅरेजला या. गाडी धुऊन आणू नका, वाटेत थंड करू नका. हे महत्त्वाचं आहे. थंड गाडीत हा दोष दिसतच नाही, आणि आधीच्या दोन्ही ठिकाणी गाडी रात्रभर उभी राहून सकाळी उघडली गेली होती.

त्या आल्या तेव्हा डिस्कपाशी हात नेववत नव्हता. बोटाने पाण्याचे दोन थेंब उडवले, चर्र करून उडून गेले. गाडीची मागची बाजू खाली दाबून पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. अर्धा फेराही न होता थांबलं.

इथून शोध दोन दिशांना जाऊ शकतो. एक, अडचण खाली कॅलिपरमध्ये: पिस्टन गंजून अडकला आहे किंवा सरकत्या पिना जाम झाल्या आहेत. दोन, अडचण वर मास्टर सिलिंडरपाशी: दाब सोडलाच जात नाही. हे ओळखायची खात्रीची रीत अशी की कॅलिपरचं निपल, म्हणजे ऑइल बाहेर काढायचा छोटा पोकळ स्क्रू, पाव फेरा उघडायचं. लिव्हर न दाबताही ऑइल उडालं आणि चाक लगेच मोकळं झालं, तर दाब लाइनमध्ये कोंडलेला होता आणि दोष वर आहे. निपल उघडूनही चाक धरलेलंच राहिलं, तर दोष खाली. तापलेल्या गाडीवर हे करताना निपलला नळी लावूनच करा आणि चेहरा लांब ठेवा. ते ऑइल भाजतं आणि डोळ्यात गेलं तर फार वाईट. दोष वर आहे असं दिसलं तर होजची (ऑइलच्या रबरी नळीची) हीच शंका घ्यावी लागते, कारण जुना होज आतून सुजला की ऑइल खाली जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. त्यासाठी पुढच्या खेपेला निपलऐवजी मास्टर सिलिंडरकडचा बँजो बोल्ट (होजचं टोक जोडणारा पोकळ बोल्ट) सैल करून बघायचा. तो सैल करूनही चाक सुटलं नाही आणि निपलने सुटलं, तर होज गेला.

या गाडीत निपलपर्यंत जावंच लागलं नाही. हँडलचं पुढचं कव्हर काढलं आणि कारण समोर दिसलं.

डाव्या लिव्हरपासून एक केबल मागे ड्रमला जाते, दुसरी हँडलच्या आतून उजव्या हाताच्या मास्टर सिलिंडरला. तिथे एक छोटा आर्म असतो, नॉकर म्हणतात त्याला. डावा लिव्हर दाबला की ही केबल नॉकर ओढते आणि नॉकर मास्टर सिलिंडरचा पिस्टन ढकलतो. डावा लिव्हर सोडला की छोट्या स्प्रिंगने नॉकर मागे यायला हवा. मी डावा लिव्हर दाबून सोडला. लिव्हर जागेवर आला, मागचा ब्रेक सुटला, नॉकर मात्र परत येता येता थोडा अलीकडेच थांबला. फट जेमतेम नखाच्या जाडीची. बोटाने नॉकर मागे रेटला तेव्हा केबलमध्ये वाळू दळल्यासारखा करकर आवाज झाला, आणि खाली चाक धरून बसलेला पोरगा म्हणाला, "सुटलं!"

एवढीशी फट काय करते, ते मास्टर सिलिंडरच्या आत पाहिल्याशिवाय पटत नाही. टाकीच्या तळाला दोन भोकं असतात. एक मोठं, ऑइल पिस्टनच्या मागच्या भागात यायला. दुसरं अगदी बारीक, मिलिमीटरच्याही आतलं, पिस्टनच्या रबरी कपाच्या जेमतेम पुढे. लिव्हर मोकळा असताना हे बारीक भोक उघडं असतं, म्हणून तापून फुगलेलं ऑइल त्यातून टाकीत परत जाऊ शकतं. लिव्हर दाबला की कप पहिल्यांदा हे भोक झाकतो आणि मगच दाब तयार होतो. पिस्टन एखाद्या मिलिमीटरने जरी पुढे अडकून राहिला, तर भोक झाकलेलंच राहतं. ऑइलला परतीची वाट नाही. कॅलिपरमधला चौकोनी सील पिस्टनला किंचित मागे ओढून पॅड मोकळे करतो, पण समोर दाब कोंडलेला असेल तर तोही काही करू शकत नाही. पॅड घासतात, उष्णता वाढते, ऑइल फुगतं, पॅड आणखी घट्ट बसतात. हे स्वतःच वाढत जाणारं चक्र आहे, आणि ते थांबतं ते ऑइल उकळल्यावरच.

वहिनी दिवसभर गल्लीबोळांतून हळू फिरत डावाच लिव्हर जास्त वापरत होत्या. म्हणजे ही केबल दिवसातून शेकडो वेळा ओढली जात होती आणि प्रत्येक वेळी थोडी पुढेच राहत होती. केबल बाहेर काढली तर वरच्या टोकाचं रबरी टोपण फाटलेलं, आत पाणी उतरलेलं, आणि तार ओढताना तांबूस गंजाची भुकटी गळत होती. खाऱ्या हवेत उघड्या टोकाची केबल टिकत नाही. केबलमध्ये तेल सोडून वेळ निभावते, पण इतकी गंजलेली केबल मी परत बसवत नाही. नवी टाकली.

अजून एक गोष्ट त्याच वेळी सापडली. मागचा ब्रेक लवकर लागावा म्हणून कुणीतरी मागचा नट इतका कसला होता की डाव्या लिव्हरला मोकळी चाल जवळपास उरलीच नव्हती. लोक हे मागून करून घेतात: "ब्रेक टाइट करा." कंबाइन्ड ब्रेकच्या गाडीत डाव्या लिव्हरची मोकळी चाल मॅन्युअलमध्ये दिलेल्या मापाची ठेवलीच पाहिजे, नाहीतर नॉकर कधीच पूर्ण मागे जात नाही. गिऱ्हाइकाने कितीही आग्रह केला तरी.

निपलला पाना लागलाच नव्हता

पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. केबल बदलून गाडी देता आली असती आणि बहुधा ती चाललीही असती. पण दुसरा प्रश्न उरला होता. दोनदा ब्लीडिंग झालेल्या गाडीतलं ऑइल ताजं असायला हवं. ताजं डॉट ४ (ब्रेक ऑइलचा एक दर्जा) किमान २३०° सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. मग हे का उकळलं?

टाकीचं झाकण उघडलं तर वरचं ऑइल फिकट पिवळं, स्वच्छ. पाहणाऱ्याचं समाधान व्हावं असं. मग कॅलिपरकडे बघितलं. निपलचं रबरी टोपण नव्हतं, तोंडात तांबडी जांभ्याची माती घट्ट बसलेली, षटकोनाच्या कडांवर गंजाचा अखंड थर. त्या निपलला किती काळ कुणी पाना लावलेलाच नव्हता. शेजारच्या बँजो बोल्टच्या कडा मात्र चकचकीत, पान्याने घासलेल्या. आणि हँडलच्या कव्हरच्या आतल्या बाजूला रंग फुगून सुटलेला, जिथे वरच्या बँजोतून ऑइल गळून पडलं होतं.

काय झालं असेल ते स्पष्ट आहे. निपल जाम होतं, तुटेल या भीतीने त्याला हात न लावता बँजो बोल्ट सैल करून हवा काढली गेली. त्याने वरच्या होजमधलं ऑइल बदलतं, कॅलिपरमधलं तसंच राहतं. इंजिन ऑइल फिरतं, ब्रेकचं ऑइल फिरत नाही. कॅलिपरच्या पोटात जे बसलंय ते कुणी बाहेर काढेपर्यंत तिथेच बसतं, आणि सगळ्यात जास्त तापतं तेही तेच.

ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ही तिन्ही या जातीची. डॉट ५ सिलिकॉनचं असतं आणि ते यांच्यात कधीही मिसळायचं नाही. पाणी रबरी होजच्या भिंतीतूनही आत शिरतं, टाकीच्या झाकणातूनही. जेमतेम ३.७ टक्के पाणी मुरलं की डॉट ४ साठी उकळण्याची किमान मर्यादा २३० वरून १५५ अंशांवर येते, डॉट ३ साठी २०५ वरून १४० वर. हे आकडे मानकातले किमान आहेत. चांगल्या कंपन्यांचं ऑइल त्याहून वर असतं. पण दिशा तीच. बहुतेक मॅन्युअलमध्ये ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदलायला सांगितलेलं असतं. कोकणात जून ते सप्टेंबर हवेतली ओल हाताला जाणवते, भिंती घाम फोडतात. इथे दोन वर्षं ही माझ्या मते शेवटची मर्यादा समजावी. रोज फिरणाऱ्या गाडीचं मी दर वर्षी पावसाळा संपल्यावर बदलायला सांगतो.

याच जोडीने आणखी एक सांगायलाच हवं. पुष्कळ गॅरेजांत ब्रेक ऑइलचा मोठा डबा फळीवर उघडा असतो आणि त्यातून थोडं थोडं वापरतात. तो डबा आषाढभर उघडा राहिला तर त्यातलं ऑइल गाडीत जाण्याआधीच पाणी प्यायलेलं असतं. लहान सीलबंद बाटली आणावी, गिऱ्हाइकासमोर फोडावी, उरलेलं पुढच्या महिन्यासाठी ठेवू नये.

आता निपल. इथे घाई केली की कॅलिपरच हातचा जातो, कारण ते आतून पोकळ असतं आणि सहज तुटतं. आधी सुईने तोंडातली माती उकरली, तारेच्या ब्रशने मुळापासचा गंज काढला, गंज सोडवणारं तेल घातलं आणि रात्रभर ठेवलं. सकाळी निपलच्या डोक्यावर छोट्या हातोडीने हलके ठोके. मग ८ चा रिंग पाना. उघड्या तोंडाच्या पान्याने कडा गोल होतात, तो हातात घेऊच नका. आणि पहिला जोर सोडवायच्या दिशेने नाही. किंचित कसायच्या दिशेने दाब दिला, गंजाची पकड तुटल्याचा बारीक टक् आवाज आला, मग उलटं फिरवलं. आलं. ज्योत लावून तापवायची पद्धत मी कॅलिपरवर वापरत नाही. आत रबर आहे, ऑइल आहे.

बाटलीत उतरलेलं ऑइल कोऱ्या चहासारखं काळपट होतं. वहिनी शेजारीच उभ्या होत्या. वरच्या टाकीतलं आणि खालचं, दोन्ही शेजारी शेजारी काचेच्या बाटल्यांत ठेवून दाखवलं. त्यांना वेगळं काही समजावून सांगावं लागलं नाही.

ब्लीडिंग

कॅलिपर उतरवला. दोन सरकत्या पिनांपैकी एक कोरडी आणि जड होती. साफ करून ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावलं. साधं ग्रीस लावलं की आतलं रबर फुगतं. पिस्टन बाहेर आणून पाहिला: डस्ट सीलच्या बाहेर थोडे डाग, सीलच्या वाटेत खड्डा नाही. खड्डा असता तर पिस्टन आणि दोन्ही सील बदलल्याशिवाय पुढे गेलो नसतो, कारण खारट हवेत तो खड्डा वाढतच जातो. पॅड नवे होते, पण तापून वरून काचेसारखे गुळगुळीत झालेले. बदलले.

मास्टर सिलिंडरच्या टाकीतलं ऑइल इंजेक्शनच्या सिरिंजने ओढून घेतलं. तळाला चिकट, चिखलासारखा थर होता, तो सूत न सुटणाऱ्या फडक्याने पुसला. मघाचं ते बारीक भोक तपासायची सोपी खूण आहे. टाकीत ऑइल असताना लिव्हर अगदी हळू, पहिली थोडीशी चाल दाबायची; भोक मोकळं असेल तर ऑइलच्या पृष्ठावर बारीकशी उकळी उसळते. जोरात दाबलं तर ऑइल तोंडावर उडतं, म्हणून हळू. या गाडीत उसळी आली, पण मंद. म्हणून भोकात बारीक तंगूस (नायलॉनचा धागा) घालून साफ केलं. पोलादी तार घालू नये, आतल्या कडेला ओरखडा पडला की कप फाटतो. तंगूस आपल्याकडे गावोगावी मिळते आणि या कामाला फार चांगली.

मग नवं निपल बसवलं, बँजो बोल्टचे वॉशर नवे घातले. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा हा वॉशर एकदा दाबला गेला की त्याचं काम झालं; तोच परत लावला की पाझरतो, आणि जिथून ऑइल पाझरतं तिथूनच कधीतरी हवा आत येते. कंबाइन्डची केबल मुद्दाम अजून जोडली नाही. ब्लीडिंग फक्त उजव्या लिव्हरवर करायचं.

हँडल असं वळवून ठेवलं की टाकीचं तोंड वर आणि सपाट राहील. रंगीत भागांवर ओलं फडकं, कारण हे ऑइल रंग खातं. सांडलंच तर लगेच भरपूर पाणी ओतावं. पाण्यात ते विरघळतं. निपलला पारदर्शक नळी लावली, ती आधी वर नेऊन मग बाटलीत सोडली आणि टोक ऑइलमध्ये बुडतं ठेवलं, म्हणजे लिव्हर सोडताना हवा उलट्या दिशेने शिरत नाही.

त्यानंतरचा क्रम सगळ्यांना माहीत आहे: लिव्हर दाबून धरायचा, निपल पाव फेरा उघडायचं, लिव्हर खाली जाऊ द्यायचा, निपल बंद करायचं, आणि मगच लिव्हर सोडायचा. चुकतं ते शेवटच्या दोन पायऱ्यांत. निपल बंद व्हायच्या आधी लिव्हर सुटला की काढलेली हवा पुन्हा आत. दोन माणसं असतील तर बोलत करावं. आमच्याकडे पोरगा "धरलाय" म्हणतो, मी "बंद" म्हणेपर्यंत सोडत नाही. दुसरं, लिव्हर आणि मुठीच्या मधे लाकडाचा छोटा तुकडा ठेवावा. जुन्या सिलिंडरमध्ये कप रोज जेवढा फिरतो त्याच्या पुढच्या भागात गंज आणि मळ असतो. ब्लीडिंगच्या नादात लिव्हर पार टेकवला की कप तिथे जाऊन फाटतो, आणि चांगल्या गाडीचं मास्टर सिलिंडर ब्लीडिंगनंतर गेलं असं होतं. तिसरं, टाकीतली पातळी खालच्या खुणेच्या खाली जाऊ द्यायची नाही. ती गेली की सगळं पहिल्यापासून.

बुडबुडे थांबले म्हणून मी थांबत नाही. इथे काम हवेपेक्षा ऑइल बदलण्याचं होतं, म्हणून नळीतून येणारं ऑइल बाटलीतल्या ताज्या ऑइलच्या रंगाचं होईपर्यंत चालू ठेवलं. मधे होजला पान्याच्या दांड्याने खालून वर टिचक्या मारल्या. शेवटी लिव्हर थोडासाच, पहिल्या चालीपुरता, पुन्हा पुन्हा हलवत राहिलो; वरच्या बँजोपाशी अडकलेले बारीक बुडबुडे याने टाकीत वर येतात, निपलमधून ते सहसा निघत नाहीत. लिव्हर रात्रभर मुठीला बांधून ठेवायची पद्धत पुष्कळ जण सांगतात. उरलेसुरले सूक्ष्म बुडबुडे त्याने जातात हे खरं आहे. पण त्याने जुनं ऑइल बदलत नाही, आणि ते बदलल्याचं समाधान मात्र मिळतं, म्हणून मी ती पद्धत नव्या मुलांना आधी शिकवत नाही.

लिव्हर अर्ध्याच्या आत दगडासारखा थांबला. तो दाबून धरला, हळूहळू खाली जात नाही ना ते बघितलं. जात असता तर आतला कप गळतोय. मग नवी केबल जोडली, डाव्या लिव्हरला मोकळी चाल दिली, डावा लिव्हर दाबून सोडला आणि नॉकर प्रत्येक वेळी पूर्ण मागे येतो का ते पाहिलं. येत होता. पुढचं चाक मोकळं फिरलं.

काढलेलं ऑइल गटारात किंवा परसात ओतायचं नाही. आपल्या विहिरी दारातच आहेत. बंद डब्यात साठवावं, इंजिन ऑइलच्या डब्यात मिसळू नये.

नंतर

नवे पॅड बसेपर्यंत हळू चालवायला सांगितलं. मग वहिनी मालगुंडची फेरी करून पुन्हा थेट गॅरेजला आल्या. पाण्याचे थेंब डिस्कवरून ओघळून खाली पडले, उडाले नाहीत. उतारावर लिव्हर सारखाच राहिला, आधी कडकही झाला नाही.

एक गोष्ट त्यांच्याशी स्पष्ट बोललो. पेट्रोल वाचवायला उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडायची सवय आपल्या भागात पुष्कळांना आहे, त्यांनाही होती. स्कूटरला गिअर नसला तरी इंजिन चालू असताना, क्लच पकडीत असेपर्यंत, ते गाडीला थोडं मागे ओढतं. बंद इंजिनावर तो आधारही जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आणि पुढचा ब्रेक पुन्हा कधी मऊ पडलाच तर घाबरून उजवा लिव्हरच दाबत राहू नका. मागचा ड्रम केबलवर आहे, ऑइल उकळल्याने तो बिघडत नाही. डावा लिव्हर धरा, कडेला घ्या. आजवर त्या सुखरूप खाली आल्या त्या मागच्या ड्रममुळेच.

एक पावसाळा त्यानंतर गेला. गाडी आली तेव्हा केबलच्या टोपणात पाणी नव्हतं, निपलचं टोपण जागेवर होतं, पाना लावताच निपल सुटलं. ऑइल थोडं गडद झालं होतं; सीलबंद बाटली फोडून बदललं. डिस्क मात्र आधीच्या तापण्याने एका बाजूला निळसर पडली आहे आणि तिची जाडी तिच्यावरच कोरलेल्या किमान मापाच्या जवळ येत चालली आहे. वाकलेली नाही, लिव्हरला थरथर येत नाही, म्हणून लगेच बदलली नाही. पुढच्या पॅडबरोबर डिस्कही बदलायची, असं वहिनींच्या सर्व्हिस बुकात लिहून दिलं आहे.